दहा सेंटची कॉफी आणि फेटेकाका

फेटेकाकांचा विषय निघाला की टेक्सासच्या प्लेनोतली आमची मंडळी अजून हसतात, आणि मला संताप येतो. "काय वल्ली होती ना यार," असं म्हणून कोणीतरी सुरुवात करतं, दुसरा त्यांच्या आवाजाची नक्कल करतो, तिसरा टाळी देतो. मी उठून चहा टाकायला जाते. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला कोणी थांबवत नाही. पण काका वल्ली नव्हते. एखाद्याला वल्ली म्हटलं की त्याचं बोलणं मनावर घ्यावं लागत नाही, म्हणून यांना तो शब्द सोयीचा वाटतो. आता सगळं सांगूनच टाकते.

गणपती असो, मुंज असो, कोणाच्या लेकाचं लग्न असो, डॅलसच्या आसपास फेटा बांधायचा म्हटलं की काकांना फोन जायचा. हॉलबाहेर पार्किंगमध्ये ते कापडाचं एक टोक स्वतःच्या जुन्या गाडीच्या आरशाला अडकवायचे, दुसऱ्या टोकाने पीळ घालत यायचे आणि बघता बघता समोरच्याच्या डोक्यावर तुरा उभा राहायचा. शिवून तयार मिळणारे फेटे त्यांना अजिबात खपायचे नाहीत. "ती टोपी झाली," म्हणायचे. आणि एवढ्या जगाला फेटे बांधणारा हा माणूस स्वतः मात्र टेक्सासच्या रणरणत्या उन्हात बोडक्याने उभा असायचा. काकांच्या डोक्यावर कधीच कोणी फेटा पाहिला नव्हता.

बांधायच्या आधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "तुला हवाय, की कोणी सांगितलंय?" पोरं खरं बोलून मोकळी व्हायची. "आईने सांगितलंय." मग काका म्हणायचे, "मग आईला पाठव, तिला बांधतो." एका नवरदेवालाही त्यांनी असंच परत पाठवलं होतं. त्याची आई आठवडाभर धुमसत होती. मी नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले ते दोन हजार एक साल. त्या वर्षीच्या गणपतीत मला लेझीमसाठी फेटा हवा होता. काकांनी प्रश्न टाकला, आणि मी भोळेपणाने म्हणाले, "हे म्हणाले छान दिसेल." "मग ह्यांनाच बांधू," काका म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा निघून गेले, एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, "मला हवाय. मला. बांधा." ते हसले. "आता कसं." त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

काकांचं दुसरं काम म्हणजे भाव सांगणं. ते एकसष्ट साली सांगलीहून इंजिनियर होऊन टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजगावात शिकायला आले होते, त्यामुळे आम्हा नव्या लोकांना ते चालतंबोलतं म्युझियमच वाटायचे. कोणाच्याही घरी जेवायला जमलो की एक तरी जण विचारायचाच, "काका, तेव्हा गॅस केवढ्याला होता?" काका शांतपणे सांगायचे. पेट्रोल गॅलनला तीस सेंट, कमीच. हॅम्बर्गर पंधरा सेंट. कॉफी दहा सेंट. घरमालकिणीकडे काळापांढरा टीव्ही होता, त्याला तीन चॅनल, आणि तिन्हीवर काउबॉयचे घोडे दौडत असायचे. कॉलेजातली पोरंपोरी ट्विस्ट नाचायची, काका भिंतीला टेकून बघायचे. अमेरिकेचा माणूस पृथ्वीभोवती फिरून सुखरूप परतला ही बातमी लागली तेव्हा घरमालकीण आनंदाने रडली आणि तिने सफरचंदाचा गोड 'पाय' भाजला. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या आठवड्यात तिने कपाट डब्यांनी भरून टाकलं, आणि काका शाकाहारी म्हणून घेवड्याचे डबे त्यांच्या नावाने वेगळे ठेवले. भली बाई. फक्त काकांनी मागच्या दाराने यायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हे मागच्या दाराचं ते सहज बोलून जायचे. कोणी थांबायचं नाही, लगेच पुढचा प्रश्न, "आणि सिनेमाचं तिकीट?" एकदा माझ्या शेजारी बसले असताना ताटाकडे बघत म्हणाले, "भाव सगळे विचारतात. कोणाला मिळायचं ते कोणी विचारत नाही." मी विचारलं, "म्हणजे काय?" तेवढ्यात कोणीतरी त्यांना मठ्ठा वाढला आणि बोलणं तिथेच राहिलं.

मग सप्टेंबर आला. न्यूयॉर्कच्या टॉवरवर ते हल्ले झाले, आणि काही दिवसांत एका पेट्रोल पंपावर पगडी बघून एका सरदारजींना गोळी घातल्याची बातमी आली. मीही घाबरले होते. दुकानात जाताना कपाळाची टिकली काढून पर्समध्ये टाकली होती, खोटं कशाला बोलू. त्यामुळे भीतीवर माझा राग नाही. माझा राग आमच्या मराठी मंडळाच्या ईमेलवर आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला कोणीही फेटा, पगडी किंवा टोपी घालून येऊ नये, गाडीला झेंडा लावावा, पार्किंगमध्ये मोठ्याने मराठी बोलू नये. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं की आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्यासारखं राहिलेलं बरं. तीन मजली घर बांधून बसलेला पाहुणा. आम्ही घाबरलोय असं सरळ लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

त्याच दिवाळीला 'तेव्हाची अमेरिका' असा कार्यक्रम ठरला होता. काकांची मुलाखत, अध्यक्ष स्वतः घेणार. थर्माकोलचा फलक करून त्यावर जुने भाव रंगवले होते, वर कॉफीचा वाफाळता कप काढला होता. पोरांना गंमत कळावी, बाकी काही जड नको, असं अध्यक्षांनी काकांना फोन करून दोनदा बजावलं होतं. हे मला काकूंनीच सांगितलं. काकू म्हणजे मोजकं बोलणारी बाई. "हे ट्रंक उघडून बसलेत," एवढंच वर म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलसमोर काकांची जुनी गाडी लागली आणि काका उतरले ते फेटा बांधून. विटका गुलाबी, घडीच्या रेषा पडलेला, पण पीळ असा की बघत राहावं. अध्यक्ष दारात झेंडे वाटत होते. ते जवळजवळ धावतच गेले.

"काका, अहो ईमेल नाही का वाचला? निदान बाहेर तरी काढा. आत स्टेजवर घाला हवं तर."

काकांनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "एकसष्ट साली मला सांगितलं, घाल, म्हणजे तू परदेशी दिसशील. आज तुम्ही सांगताय, काढ, म्हणजे परदेशी दिसणार नाहीस. डोकं माझंच आहे ना?"

 अध्यक्षांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

स्टेजवर अध्यक्षांनी फलकाकडे हात केला आणि लाडात येऊन विचारलं, "तर काका, कॉफी केवढ्याला होती?"

"दहा सेंट," काका म्हणाले. "पण मला मिळत नव्हती."

हॉल हसला. लोकांना वाटलं आता किस्सा येणार. काकांनी हसू संपू दिलं आणि सांगायला लागले. गावातल्या औषधांच्या दुकानात खायचा काउंटर होता, तिथे फक्त गोऱ्यांना बसता यायचं. काका सावळे. पहिल्या वेळी त्यांना उठवलं. कॉलेजात परदेशी पोरांकडे बघणारा एक सज्जन अधिकारी होता, तो म्हणाला, तुमच्याकडे डोक्याला गुंडाळतात ते काहीतरी घालून जात जा. म्हणजे लोकांना कळेल की तू इथला काळा नाहीस, लांबून आलेला पाहुणा आहेस. काकांकडे फेटा नव्हता. त्यांनी घरी लिहिलं.

"माझे वडील सांगलीत हळदीचे अडते," काका म्हणाले. "पोरगा अमेरिकेत जाऊन फेटा मागतोय म्हणून त्यांनी पेठेत पेढे वाटले. स्वतःचा ठेवणीतला पाठवला. कशाला हवाय ते मी त्यांना ते जाईपर्यंत सांगितलं नाही."

आता कोणी हसत नव्हतं.

"प्रयोगशाळेत माझ्याबरोबर वॉल्टर काम करायचा. काळा होता. मला गाडी चालवायला त्याने शिकवलं. एका शनिवारी आम्ही दोघं गावात गेलो, मी हा फेटा बांधून. काउंटरवरच्या बाईने मला हसून बसवलं, विचारलं तू राजपुत्र आहेस का. कॉफी दिली. वॉल्टर बाहेर उभा. त्याच्यासाठी मागे खिडकी होती. मी काचेतून त्याच्याकडे बघत ती कॉफी संपवली. बाहेर आलो तर तो म्हणाला, टोपी छान आहे. बस. गाडीत बसल्यावर मी फेटा काढला. फेट्याचा दोष नाही. तो वडिलांनी मानाने पाठवला होता, आणि मी तो..."

इथे अध्यक्षांनी माइक घेतला. ओढला नाही, हळूच हातातून काढला, लहान मुलाच्या हातातून कात्री काढावी तसा. "वा, काकांनी आज आपल्याला खूप हसवलं. जोरदार टाळ्या. वडे गरम आहेत, लवकर लाइन लावा." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवत वाजवत उठले. काका स्टेजवर त्या थर्माकोलच्या कपाशेजारी उभे होते आणि खाली चटणीची वाटी कुठे आहे याची चौकशी चालली होती.

मी अध्यक्षांना गाठलं. "कोण हसलं हो?"

"वहिनी, दिवाळी आहे. दिवस कसले चाललेत बघताय ना. निगेटिव्ह कशाला?"

पुढे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मंडळाची पायरी मी कित्येक वर्षं चढले नाही एवढं सांगते. लाज वाटायला हवी होती त्यांना, आणि ते वडे मोजत होते. तो माणूस चाळीस वर्षं जे गिळून बसला होता ते पहिल्यांदा आपल्या माणसांपुढे, आपल्या भाषेत बोलला, आणि आपल्या माणसांनी त्याची कॉमेडी केली. त्या काउंटरवाल्या बाईने निदान कॉफी तरी दिली होती.

पार्किंगमध्ये काका-काकूंना सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "वॉल्टरला मिळाली का हो पुढे? तिथली कॉफी?"

"मिळाली," काका म्हणाले. "भेदभाव बंद करणारा कायदा झाल्यावर. कायद्याने दिली. मी नाही दिली." मग गाडी सुरू करता करता म्हणाले, "एवढं विचारणारी तू पहिलीच."

त्यानंतर दर शनिवारी काका तो फेटा बांधून गॅस भरायला जायला लागले. काकू शेजारी बसलेल्या. एकदा मीही मागच्या सीटवर होते. पलीकडच्या ट्रकमधून कोणीतरी खिडकी खाली करून काहीतरी घाणेरडं ओरडलं. मी माझी काच वर केली. काकांनी टाकी भरली, झाकण घट्ट लावलं, पुढची काच नेहमीसारखी पुसली आणि मग आत बसले. 

"काका, कशाला हे? कोणी सांगितलंय?" मी चिडून विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "म्हणूनच."

काही वर्षांनी लोकांची भीती ओसरली. गणपतीत फेटे परत आले, त्यांचे फोटो परत निघू लागले, आणि अध्यक्षांनीच 'आपली संस्कृती, आपला अभिमान' असा ईमेल पाठवला. तेव्हा काकांनी शनिवारचा फेटा बंद केला. बांधायला मात्र जात राहिले, आणि पीळ घालायला मला शिकवलं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गॅस चार डॉलरवर गेला आणि भेटेल तो पुन्हा त्यांना जुना भाव विचारायला लागला. ते तोपर्यंत फार थकले होते. नुसते हसायचे. पानगळीच्या दिवसांत ते गेले.

फ्युनरल होममध्ये सगळे आले होते. कॅलिफोर्नियाहून आलेला मुलगा दाराशी उभा राहून सगळ्यांशी इंग्रजीत बोलत होता. काकू पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर सासऱ्यांचा तो गुलाबी फेटा घडी घालून ठेवलेला. मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात अध्यक्ष पुढे आले. हातात एक डबा, डब्यात शिवलेला, जरीकाठाचा, मोती लावलेला तयार फेटा. मुलगा अदबीने बाजूला झाला. अध्यक्ष म्हणाले, "काकांची ओळखच ही. मंडळातर्फे शेवटचा मान," आणि काकांच्या डोक्याकडे वाकले.

काकूंनी हात आडवा धरला. आवाज चढवला नाही.

"हा तुम्हाला हवाय, की कोणी सांगितलंय?"

अध्यक्ष गोंधळले. "नाही, म्हणजे... कमिटीनेच ठरवलं, काकू."

"मग कमिटीला बांधा," काकू म्हणाल्या.

काका बोडक्यानेच गेले. त्या खोलीत हसणारी मी एकटीच होते.