"आता पाजू का?"

मैत्रिणींनो, आत्ताच दवाखान्यातून पडेगावला घरी आले. माझ्या छातीतली गाठ कॅन्सरची नाही!

सोनोग्राफीत तिच्या कडा वाकड्यातिकड्या दिसल्या होत्या. डॉक्टर मॅडम तेव्हा म्हणाल्या, "दिसतेय कॅन्सरसारखी, पण नुसत्या चित्रावरून खात्री देता येत नाही. सुईनं तुकडा काढून तपासू."

आज म्हणाल्या, "साधी गाठ आहे. पण कॅन्सरसारखी दिसणारी अशी क्वचितच बघायला मिळते."

मी पहिलं काय विचारलं असेल? "आता बाळाला अंगावर पाजू का?"

मॅडमनी उलट मलाच विचारलं, "बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. दुधातून बाळाला कॅन्सर होईल, या भीतीनं आम्ही सासू-सुनांनीच घरात ठरवलं होतं.

घरी पोचले तर गल्लीत टँकर लागलेला. सासूबाई हंडे उचलत म्हणाल्या, "पाण्याचं मी बघते. तू जाय, आधी लेकराला घे."

घेतलं. लेकरू माझ्याकडं बघून हसलं, अन् मान वळवून त्यानं बाटलीकडं हात केला.

तुमच्यापैकी कुणाचं बाळ असं परत अंगावर प्यायला लागलंय का? मी ब्लाऊजची बटणं अजून लावलेली नाहीत.