तालमीतला रुग्ण

वडशाजवळच्या आमच्या रुग्णालयात माणसं महिनोन्महिने राहतात. कुणाचं कमरेखालचं अंग गेलेलं, कुणाला पक्षाघात. रोज दिसणाऱ्या रुग्णाची तब्येत ढासळायला लागली तर ती रोज बघणाऱ्यालाच उशिरा कळते. म्हणून आम्ही पथक केलं: वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी, तरुण डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मावशी. घंटा वाजली की हातातलं टाकून धावायचं. दर शुक्रवारी तालीम.

तालमीत रुग्ण व्हायचे खिडकीजवळचे भाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांत उभं आयुष्य गेलेलं. नाटकमंडळीची गाडी उलटली आणि पाय निकामी झाले. घंटा त्यांच्या उशाशीच असे, तालमीत तेच वाजवत. आधी मला विचारत, "बाई, आज कायनं मरू?" मग असे मरत की शेजारच्या खाटांवरून टाळ्या पडत.

त्या शुक्रवारी जेवणानंतर घंटा वाजली. मावशी आणि मी पोचलो तेव्हा भाऊंची मान कलंडली होती, अंग थरथरत होतं.

"आज तर एक नंबर!" मावशी हसली. "घाई नोका करू भाऊ, डॉक्टरसाहेब येऊन राह्यले."

"संवाद कुठी गेला, भाऊ?" शेजारच्या खाटेवरून कुणी ओरडलं.

मी थबकले. आज कायनं मरू, हे त्यांनी मला विचारलंही नव्हतं. भाऊ संवादाशिवाय मरत नसत. एकदा तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून त्यांनी समोर नसलेल्या बायकोचा निरोप घेतला होता.

मनगट धरलं. कढत. नाडी धावत होती, श्वास उथळ. "भाऊ, गाव कोणतं तुमचं?" उत्तर नाही. लघवीची पिशवी पाहिली: तळाशी जेमतेम, तीही गढूळ.

"मावशी, हसू नका. हे खरं आहे. ऑक्सिजन आणा."

डॉक्टर आले. रक्तदाब घसरलेला. जंतुसंसर्ग रक्तात गेला असणार, ते म्हणाले. सलाईन लावायला शीर सापडेना. दोनदा सुई निसटली. तिसऱ्यांदा लागली. अँटिबायोटिक देऊन आम्ही त्यांना गाडीत घातलं. गडचिरोलीपर्यंत मी मास्क धरून बसले आणि प्रत्येक गावाजवळ त्यांना हाक मारली. एकदाही ओ दिली नाही.

भाऊ परत आले ते अर्धे होऊन. पुढच्या तालमीला मी रिकाम्या खाटेवर रुग्ण म्हणून उशी ठेवली.

"उशी मरून राह्यली का?" त्यांनी विचारलं. "मले काऊन नाई?"

"तुमचं खरं कोणतं ते ओळखण्यात वेळ जातो. घंटा तुमच्याजवळच राहील. पण यापुढे खरीच वाजवायची."

त्यांनी घंटा हातात फिरवून पाहिली आणि आपल्या उशीखाली ठेवली.

"खरी वाजवाले मजा नाई, बाई."