मीनी बसली होती

१९७० साली माझी पोस्टिंग नागपूरजवळच्या एका डॉग युनिटमध्ये होती. हुद्दा हवालदार, काम कुत्र्यांना शिकवण्याचं. त्या पावसाळ्यात केनेलमध्ये ताप पसरला. एक अल्सेशियन कुत्री सहा पिल्लं मागे ठेवून मेली. पिल्लांना अजून लागण नव्हती. कॅप्टन साहेबांनी विचारलं, "हवालदार, घरी जागा आहे?"

"आहे, सर."

जागा नव्हती. धरमपेठेत एका घराच्या मागच्या अंगणात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. माझी बायको सुमन हिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"सहा? अन् मले विचारलं काहून नाही?"

"ऑर्डर आहे."

"ऑर्डर तुमची अन् दूध माह्यं!" असं म्हणत तिने पातेलं घेतलं आणि दूध आणायला गेली.

पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. सुमन कापसाचा बोळा दुधात बुडवून एकेकाला पाजायची. पोटाला ओल्या फडक्याने चोळायची, तेव्हा पिल्लं लघवी करायची. आई हे काम जिभेने करते.

नागरी वाचकांसाठी सांगतो. पिल्लू लहान असताना जे पाहतं, ऐकतं, त्याला ते पुढे भीत नाही. म्हणून आम्ही त्यांना पत्र्यावर, ओल्या पोत्यावर, वाळूवर चालवायचो. सुमन मुद्दाम परात आपटायची. माझ्या सेक्शनमधला लान्स नायक नामदेव सुट्टीच्या दिवशी यायचा. तो खापा गावचा. कधी छत्री उघडून अंगणात शिरायचा, कधी डोक्यावर घोंगडी घेऊन. एकदा सुमनचं लुगडं पांघरून आला.

"वहिनी, पिल्लं नाही भेली. पण घरमालकीण भेली!"

"तुमचं तोंडच तसं हाय, भाऊजी. लुगड्याचं नाव नका खराब करू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही टोपली सायकलच्या कॅरिअरला बांधून इतवारीत मारबत, म्हणजे गावाची इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला नेली. ढोलांनी कानठळ्या बसत होत्या. "घेऊन जा गे मारबत" असा ओरडा चालला होता. पाच पिल्लं टोपलीच्या तळाशी एकमेकांत घुसली. एक मादी काठावर हनुवटी टेकवून मिरवणूक पाहत राहिली. ती मीनी.

"हवालदार साब, सांगून ठेवतो," नामदेव म्हणाला. "ही माही."

पुढे ती त्यालाच मिळाली.

आता चूक सांगतो. आमच्या घरी पहिली भाकर कुत्र्याची. सुमनच्या आईकडून आलेली रीत. सुमन चुलीजवळ भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणायची, "बस वं." पिल्लं बसायची. ती "घे" म्हणेपर्यंत कोणी तोंड लावायचं नाही. पाच पिल्लं युनिटमध्ये गेल्यावर हे विसरली. मीनी विसरली नाही. राखेचा वास आला की ती बसायची.

सुरुंग शोधणाऱ्या कुत्र्याला बोलता येत नाही. बसणं हाच त्याचा शब्द. बारूदाचा वास आला की ते बसतं, आणि हँडलर त्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. म्हणून अशा कुत्र्याला खाण्यासाठी बसायला शिकवायचं नसतं. हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. स्वतःच्या घरात शिकवलं नाही. मला सुमनचं हसणं बंद करायचं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये मीनी लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, चुलीपुढे बसली, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो आणि तिला पास केलं.

१९७१ ची लढाई संपल्यावर आम्हाला पश्चिमेच्या बॉर्डरवर पाठवलं. गावं रिकामी पडली होती. लोक परत यायच्या आत सुरुंग काढायचे होते. नामदेव आणि मीनी पुढे. मी सेफ लेनच्या, म्हणजे सुरुंग काढलेल्या वाटेच्या, तोंडाशी रेडिओ घेऊन.

"मीनी बसली. ओव्हर."

"कुठे? ओव्हर."

"पडक्या घरात. चुलीपाशी. ओव्हर."

"राख आहे काय? ओव्हर."

"हाय. ओव्हर."

"मग वहिनीची भाकर मागून राहिली ती. पुढे चल. ओव्हर."

तो हसला. रेडिओवर ऐकू आलं. "उठून नाही राहिली, साब. दोरी ओढतो तरी उठत नाही. ओव्हर."

"तिला राहू दे. तू पुढे होऊन पाहून घे. ओव्हर."

"रॉजर."

सुरुंग राखेखाली पुरला होता.

मी पोचलो तेव्हा नामदेव गेला होता. मीनीचा एक कान फाटला होता. अंगावर राख होती. ती तशीच बसून होती. मी दोरी ओढली, उठली नाही. मग मी "घे" म्हणालो. तेव्हा उठली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "कुत्र्याने इशारा दिला होता?"

"नाही, सर."

रेडिओवरचं बोलणं आम्हा दोघांखेरीज कोणी ऐकलं नव्हतं. सुरुंग ओळखायला चुकलेल्या कुत्र्याला पुन्हा कामावर घेत नाहीत. मीनीला परत पाठवलं आणि मरणाचं इंजेक्शन दिलं. गाडीत चढवताना तिने मागे वळून पाहिलं. मी नजर वळवली.

अस्थी घेऊन मी खाप्याला गेलो. नामदेवच्या आईला सांगितलं, "कुत्री चुकली." सुमनला सांगितलं, मीनी दुसऱ्या युनिटला गेली. सुमन विचारायची, "तिथं कोणी भाकर देत असन काय हो तिले?" घरात गॅस आला तेव्हा मला बरं वाटलं. चूल काढायची मी एवढी घाई का केली, ते तिला कळलं नाही. तीही आता नाही.

मागच्या महिन्यात खाप्याला गेलो. नामदेवची आई केव्हाच वारली. धाकटी बहीण त्याच घरात राहते. केस पांढरे झालेत. मी तिला सगळं सांगितलं, रेडिओवरच्या शब्दांसकट.

ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "दादा गेल्यावर मायनं दारात कुत्रं उभं राहू देलं नाही. गोटे मारे. मरेपर्यंत."

"माहीत नव्हतं मला."

"तुमाले कसं माहीत होईन? त्यानंतर तुमी आलेच नाही."

ती आत गेली. सकाळची भाकर घेऊन आली. माझ्याकडे न पाहता ओट्यावरून खाली उतरली. रस्त्याच्या कडेला एक तपकिरी कुत्री पडली होती. बहिणीला पाहताच ती उठून दूर सरकली. आईनंतरही त्या दारात कुत्र्याला थारा नसावा. बहिणीने भाकर खाली ठेवली आणि मागे झाली. कुत्री येईना. ही तशीच उभी राहिली.

"तुमी जा आता," ती मला म्हणाली. "माणूस हाय म्हणून येऊन नाही राहिली ती."

मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं. भाकर अजून तिथेच होती.

लान्स नायक नामदेव, गाव खापा. हुकूम मिळाला म्हणून पुढे गेला. हुकूम माझा होता.

मीनी, धरमपेठेत आमच्या घरी वाढली. ती चुकली नाही. ती बसली होती.