आत्यांची किडकी वांगी

पीएचडीला मी लग्नानंतर लागले. तोवर पोरगी दोन वर्षांची झाली होती आणि तिला दिवसभर सांभाळायचं सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून त्या माझ्या आत्या. गाव बिद्रीच्या बाजूला. सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा माझा रोजचा खाक्या.

माझं काम ऐकायला भारी वाटतं, करायला मात्र स्वयंपाकासारखंच आहे. गुळाचं पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात भरायचं आणि भट्टीत काही तास तापवायचं. काढल्यावर काकवीसारखं तपकिरी पाणी मिळतं. त्यात कार्बनचे अतिबारीक कण असतात. अंधारात अतिनील दिवा धरला की ते पाणी निळं उजळतं. पहिल्यांदा ते उजळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसले होते. त्यात भाजीचा गाळलेला रस टाकायचा. रसात कीटकनाशक असलं तर उजेड मंदावतो, आणि किती मंदावला त्यावरून औषध किती उरलंय ते कळतं.

पण त्यासाठी आधी औषध अजिबात न लागलेली भाजी हवी, म्हणजे बाकीचं तिच्याशी ताडून बघता येतं. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. मंडईत अशी भाजी मागितली असती तर भाजीवालीनं मला वेड्यातच काढलं असतं. मला काळजी नव्हती. आमच्या शेतात विकायच्या भाजीपासून लांब, बांधाकडेला घरच्यापुरती एक खायची सरी असते. तिच्यावर औषधाचा पंप फिरत नाही. विकायचं वांगं चकचकीत, घरचं किडकं. कीड लागलेलं कापून टाकायचं आणि उरलेलं फोडणीत घालायचं. मी आत्यांना म्हटलं, त्या सरीतली वांगी द्या, विद्यापीठात न्यायची आहेत.

"देतो की, त्यात काय," आत्या म्हणाल्या. "जरा पंधरा दीस थांब."

पंधरा दिवसांनी वायरच्या पिशवीत वांगी आली. एकसारखी, तजेलदार, कुठं भोक नाही की डाग नाही. शेतकऱ्याच्या घरातली मी, तेव्हाच शंका यायला हवी होती. मी आपली खूश होऊन एसटीत बसले.

ब्लँक लावला आणि उजेड मंदावला. मी वैतागले. नवं द्रावण केलं, पुन्हा तेच. भांडी घासली, गाळणकागद बदलले, भट्टीला शिव्या घातल्या. महिन्याभरावर समितीपुढं सादरीकरण होतं. ब्लँक बसला नाही तर सहा महिने मागं पडणार होते, आणि सून शिकतेय याचं घरातलं कौतुक आणखी सहा महिने टिकेल याची मला खात्री नव्हती. शेवटी आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "द्रावण बिघडलंय असंच का धरून चाललात? वांग्यांना विचारा की." मी फणकाऱ्यानं सांगितलं, "सर, ती वांगी आमच्या आत्यांनी दिलीयत."

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या चप्पलही न काढता विचारलं, "आत्या, खायच्या सरीवर औषध मारलंय का?"

"मारलंय की," आत्या अगदी अभिमानानं म्हणाल्या. "सगळ्या सरीवर न्हाय. तुला न्यायच्या चार झाडांवर तेवढं. दोनदा मारलं."

"अहो, का पण?"

"का म्हंजे? किडकं वांगं तुझ्या सायबाच्या टेबलावर ठेवू व्हय? लोकं म्हणतील, सुनंच्या हातात धड वांगंबी देत न्हाईत."

मी डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसले. घरातल्या सगळ्यांच्या ताटात स्वच्छ वांगी, आणि औषधाची तेवढी माझ्या प्रबंधाला! रागावू की हसू कळेना, आणि मग रडूच आलं. माझा मान राहावा म्हणून एवढा खटाटोप याआधी कुणी केला नव्हता. मी सगळं समजावून सांगितलं तसा आत्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "उद्या मीबी येतो. तुझ्या सायबास्नी मीच सांगतो, चूक माझी हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी पोरीला शेजारी सोडून आम्ही दोघी निघालो. वांगी मी स्वतः तोडली होती, औषधाच्या चार झाडांपासून पार दुसऱ्या टोकाची. एकूण एक किडकी. आत्यांनी पिशवीवर टॉवेल झाकून घेतला. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चूक वगैरे काही ऐकूनच घेतलं नाही.

मी रस काढला, गाळला, द्रावणात टाकला. खोलीतला दिवा बंद केला. निळा उजेड जसाच्या तसा राहिला. आत्या कितीतरी वेळ वाकून बघत होत्या.

"म्हंजे पास?"

"पास, आत्या."

मला वाटलं आता त्या चहा पिऊन निघतील. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "ह्येचं बघ आता. सकाळी ढबू मिरचीवर मारायचं औषध ह्याच हातानं कालवलंय. पाण्यानं धुतल्यात, पर बघ."

हे काही शास्त्र नव्हे, हाताच्या पाण्यात मळ असतो, घाम असतो, असं मी सांगून पाहिलं. त्या ऐकेनात. मग मी त्यांची बोटं थोड्या पाण्यात खळबळली, ते पाणी गाळलं आणि द्रावणाच्या दुसऱ्या नळीत टाकलं. वांग्याच्या रसाची पहिली नळी शेजारी लख्ख निळी होती. ही विझत आल्यासारखी दिसायला लागली.

आत्या एका नळीकडं बघायच्या, मग दुसरीकडं. आवाज एरवी शिवारभर जाणारा, तो अगदी खाली आला. "ह्याच हातानं पोरीला दूधभात चारून आलोय मी."

मी त्यांना बेसिनपाशी नेलं, नळ सोडला, साबण घेतला आणि त्यांचे हात धुवायला लागले. तळवे, बोटांची पेरं, नखांच्या कडा. त्या लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सणावाराला, परीक्षेला जाताना, कितीदा मी त्यांच्या पाया पडले असेन. हात मात्र पहिल्यांदाच हातात घेतले होते, आणि साबण निघून गेल्यावरही मला ते सोडवेनात.