एक पदवी, तीन देश आणि सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन माजरीहून आला. ते धाकट्या भावाकडे पाहुणे म्हणून गेले होते, तिथेच छातीत कळ आली. फोनवर तो भाऊ रडत होता आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे : "कोण म्हणते?" तो म्हणाला, "मीच म्हणून राह्यलो ना गजूभाऊ!" तरी मला पटेना. पटणार कसं? ज्या माणसाच्या संगतीत मी निम्मं आयुष्य काढलं, त्यानं कुठल्याही बातमीवर चटकन विश्वास ठेवायची सवय मला लागूच दिली नव्हती. फोन ठेवल्यावर वाटलं, हाच फोन मी त्यांच्याबरोबर ऐकला असता तर त्यांनी मला कोपर मारून विचारलं असतं, "आवाज वळखला का बराबर?"

भाऊ एसटीत कंडक्टर होते. गोंडपिपरीच्या स्टँडवर गाडीत चढणाऱ्याकडे ते असे बघत, की तिकीट काढलेल्या माणसालाही एकदा खिसा चाचपावासा वाटे. टरबूज घ्यायचं तर लोक टरबूज ठोकून बघतात, हे विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मी त्यात विनोदी कामं करतो आणि भाऊ आमचे प्रॉम्प्टर. कुणाचंच पाठांतर पुरतं झालेलं नसतं, पडद्याआडचा प्रॉम्प्टर सगळ्यांना तारून नेतो. भाऊंची कुजबुज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळे, आधी भाऊंचं, मग आमचं... आणि खरं सांगतो, टाळ्या त्यांच्याच वाक्याला जास्त पडत.

या माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, प्रज्ञानं, परदेशातल्या मास्टर्ससाठी अर्ज करायचं ठरवलं. जंगल आणि त्यातले प्राणी कसे टिकवायचे, याचं शिक्षण. गडचिरोलीच्या जंगलात कॅमेरे लावून जनावरांचे फोटो गोळा करण्याचं काम ती करत होती, त्याच्या पुढचा हा अभ्यास. तीन देशांतली तीन विद्यापीठं मिळून तो चालवतात, आळीपाळीनं तिन्हीकडे शिकायचं, पदवी एकच, वर शिष्यवृत्ती. ऐकल्याबरोबर भाऊ माझ्या कापडाच्या दुकानात येऊन बसले.

"गजूभाऊ, एका डिग्रीले तीन देश काऊन लागते? एका गावात भागत नाई का तिचं?"

मी म्हटलं, "मोठा अभ्यास असन."

"फुकट शिकवतेत, वरून खायाले घालतेत. पोरीची किडनीगिडनी काढून घेतली म्हंजे?"

प्रज्ञानं त्यांना त्या अभ्यासक्रमाचं संकेतस्थळ दाखवलं. दुर्बिणी घेतलेली, चिखलात उभी, हसणारी मुलं. भाऊंनी चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले आणि निकाल दिला, "सगळेच हसून राह्यले. खऱ्या कॉलेजात कोणी एवढं हसते का?" पोरीनं कपाळाला हात लावला. पण अर्ज गेला, पहिली चाळणी पार झाली आणि मुलाखत ठरली, कॉम्प्युटरवर, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कारण गावात भरवशाचं वायफाय तिथेच. अट अशी, की खोलीत उमेदवार एकटाच हवा.

दुपारी मुलाखत सुरू झाली. मी बाहेर गल्ल्यावर बसून कान आत लावलेले. तीन देशांतले तिघं पडद्यावर, प्रज्ञा छान बोलत होती... आणि अचानक लुगड्यांच्या थप्पीमागून ती ओळखीची, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारी कुजबुज आली : "हे खरे हायेत का विचार! खरे हायेत का!"

माझ्या हातातला कापड मोजायचा मीटर गळून पडला. एकटी पोरगी स्टेजवर आणि प्रॉम्प्टर नाही, हे भाऊंच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं. ते सकाळीच येऊन दडले असणार. मी उठून दाराच्या फटीतून पाहिलं. पडद्यावरच्या एकानं कोरड्या आवाजात इंग्रजीत विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का? आता संशय तिकडून इकडे आला होता. मी गिऱ्हाईक बनून आत घुसायच्या तयारीत होतो, वाक्यही जुळवलं होतं. पण प्रज्ञा सरळ म्हणाली, "माझे वडील आहेत. तुम्ही खरे आहात का, ते विचारा म्हणतात."

थप्पीमागून भाऊ उभे राहिले. खांद्यावर एक लुगडं तसंच अडकलेलं. तिघांत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी आपला कॉम्प्युटर उचलला आणि त्या चालायला लागल्या. खिडकीबाहेरचं बर्फ दाखवलं, काचेच्या कपाटातले पक्ष्यांचे सांगाडे दाखवले, व्हरांड्यातून जाणारा एक मुलगा दाखवला. तो हसत नव्हता. भाऊंना बरं वाटलं असावं. वर बघत म्हणाले, "पंखा नाई दिसत यांच्या कॉलेजात." प्रज्ञानं त्याचंही भाषांतर केलं. बाई हसल्या. बाकीचे दोघं हसले नाहीत.

त्यानंतर प्रज्ञा बापाशी बोलेना. जेवण वाढायची, ताट ठेवायची आणि निघून जायची. भाऊ दुकानात येऊन नुसते बसत. एक दिवस म्हणाले, "गजूभाऊ, मीच मोडलं का वो पोरीचं?" सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसानं स्वतःवर संशय घेतलेला मी तेव्हाच पाहिला.

शेवटी निवड झाल्याचा ईमेल आला. भाऊंनी तो पोरीकडून वाचून घेतला, मग माझ्याकडून, मग शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींकडून. तिघांचं सारखं आल्यावर मला पेढे आणायला पाठवलं. त्यांच्यादेखत तिचा व्हिसाही आला. जायची तारीख जवळ आली आणि भाऊच गेले.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि पाहुण्यांनी विषय काढला. आई एकटी, मुलगी समुद्रापार, बरं दिसते का? बापाच्या मनात तं पहिल्यापासूनच नव्हतं. प्रज्ञा खाली मान घालून म्हणाली, "मी नाई जात." मला ते पटल्यासारखं वाटलं, हे मला आवडलं नाही. तेवढ्यात भाऊंच्या पत्नी शांतावहिनी बोलल्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"त्याच्या मनात नव्हतं असं कोणं सांगतलं तुमाले? तो अडवत नव्हता, तपासून राह्यला होता. तपासणं झालं त्याचं." मग मुलीकडे वळून, "थांबशीन तं जनमभर लोकं म्हणतीन, बापानं अडवली. त्याच्यावर असा बोल येऊ देशीन तू?"

 प्रज्ञा उठून मधल्या खोलीत गेली. तिथे भाऊंची खाट होती, चादर काढलेली. घरात दुसरी मोकळी जागा नव्हती, म्हणून तिनं त्याच खाटेवर बॅग उघडली. वहिनी लोकरीचे कपडे आत ठेवत, ती जागा नाही म्हणून बाहेर काढे, वहिनी पुन्हा ठेवत...

प्रज्ञा गेली. परवा मी वहिनींकडे गेलो तर खाट तिथेच, तशीच. म्हटलं, "वहिनी, उचलून मागं ठेवू का? चालाले अडचण होत असन."

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी येईन तेव्हा बॅग रिकामी कराले खाट लागन."