नामंजूर म्हणणारं टिपाड

मी आजवर बनवलेल्या स्पीकरांमधून सगळ्यात चांगली गोष्ट कुठली बाहेर आली असेल, तर ती टँकरचं पाणी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही कुणी भेटायला आलं की चहा येईपर्यंत गंभीर बसतं, आणि चहा आला की हीच गोष्ट काढतं. दुखवट्याच्या घरात हसावं की नाही हे कुणालाच नीट ठाऊक नसतं, म्हणून सगळे कपाच्या आड हसतात. दर वेळी सांगताना माझा मूर्खपणा थोडा वाढतो. मूळचाच पुरेसा होता, एवढं नोंदवण्यासाठी हे लिहितोय.

मी शाळेत मराठी शिकवतो. मला फारसं बोलायला आवडत नाही (वर्गात इलाज नसतो). अशा माणसानं आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांचा नाद का लावून घ्यावा, याचं उत्तर माझ्यापेक्षा माझ्या बायकोकडे, मंदाकडे, तयार असतं. "सोताला आवाज न्हाई, म्हनून दुसऱ्याचा वाढवीत बसता."

बीडच्या बाजारात अॅम्प्लिफायरचे आगपेटीएवढे बोर्ड फार स्वस्तात मिळतात. भंगारातून एखादा स्पीकर उचलायचा, वायरी जोडायच्या, मोटरसायकलची बॅटरी लावायची, की आवाज सुरू. खरा प्रश्न त्यानंतर येतो. स्पीकर बसवायचा कशात? वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलं होतं की खोका मजबूत आणि हवाबंद असावा. सागवानी खोके पुस्तकात असतात. घरात जे असतं ते मंदाचं असतं. पहिला स्पीकर मी माठात बसवला. बातम्या देणारी बाई विहिरीत पडून मदत मागतेय, असं वाटायचं. दुसरा पिठाच्या डब्यात बसवला. त्याचा आवाज फार गोड होता, फक्त ढोलकीच्या प्रत्येक थापेला पीठ उडायचं. आरती संपेपर्यंत आप्पांच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या.

"गानं बरं हाय," ते मिशा झटकत म्हणाले होते, "पर भाकरीला कायतरी ठिव."

तेव्हा त्यांना आवाज होता. आणि कसला! चौसाळ्याच्या बाजारात उभं राहून त्यांनी एकाला आडनावानं हाक मारली तर त्या आडनावाचे सगळे वळून बघत. त्यानंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती फुसफुस, सायकलच्या ट्यूबला बारीक भोक पडावं तशी.

आणि नेमक्या त्याच साली त्यांना आवाजाची गरज पडली.

सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. निम्मी जनावरं चारा छावणीत, उरलेली दावणीला हाडं मोजत उभी. माळावरच्या आमच्या छोट्या गावात दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं. आप्पांनीच चपला झिजवून ते आणलं होतं. आता दूध आटलं, गाडीचं डिझेलही निघेना, म्हणून केंद्र बंद करायचं संस्थेनं मनावर घेतलं. चेअरमन माणूस वाईट नव्हता, त्याचा हिशेब बरोबर होता. पण केंद्र गेलं की ज्यांच्या घरी एकच म्हैस, त्यांनी दोन लिटर दूध घेऊन जायचं कुठं? म्हशीला बाजार दाखवावा लागणार हे ठरलेलं. आमच्या समोर राहणाऱ्या द्रौपदाकाकूंची म्हैस त्यात पहिली. काकू विधवा, लेक शिकायला बाहेर. ती म्हैस म्हणजेच त्यांची शेती, नोकरी आणि बँक.

"सभेत उठून नामंजूर म्हनायचं," आप्पा फुसफुसले.

"मग म्हना की," मंदा म्हणाली.

आप्पांनी नुसता घशाला हात लावला.

इथं संस्थेची एक रीत सांगायला हवी. सर्वसाधारण सभेत मतं मोजत नाहीत, आवाज मोजतात. चेअरमन भाड्याच्या माइकवरून ठराव वाचतात, पुढच्या सतरंजीवरची मंडळी "मंजूर" ओरडतात, आणि ठराव पास होतो. ती मंडळी इतकी तयारीची की एकदा चेअरमन नुसतेच खोकले, तर त्यांनी खोकला मंजूर केला होता. माइक चेअरमनच्या हातातून खाली कधी येत नाही. विरोध करायचा तर छाती पाहिजे. आप्पांनी वर्षानुवर्षं तो एकट्याच्या छातीवर केला होता.

म्हणून मी ठरवलं की आप्पांना आवाज आपण करून देऊ.

माठ आणि डबा पुरणार नव्हते. आमच्याकडे पाण्याची दोन निळी टिपाडं, म्हणजे प्लॅस्टिकची पिंपं, होती, माणसाच्या छातीला लागतील एवढी. एक मी मागितलं. दुष्काळात बायकोकडं टिपाड मागणं म्हणजे काय, हे ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांनाच कळेल.

"सभा झाली की वापस," मंदा म्हणाली. "अन् जसंच्या तसं."

मी हो म्हणालो. टिपाडाच्या बुडाला गोल भोक पाडावं लागेल, हा तपशील मी सावकाश सांगणार होतो.

भोक पाडलं. भंगारातल्या जीपचा स्पीकर त्यात बसवला, कडेनं सायकलची ट्यूब लावली, वर डांबर फासलं. हवेचा कण जाणार नाही असं काम झालं. टिपाड विटांवर आडवं ठेवायचं, बूड सभेकडे करायचं आणि उघड्या तोंडात वाकळ कोंबायची, अशी एकूण योजना. अंगणात चाचणी घेतली. आप्पांनी बोर्डाला जोडलेला माइक ओठाला लावला आणि फुसफुसले.

"नामंजूर."

पत्र्यावरची कबुतरं उडाली. समोरच्या गोठ्यात द्रौपदाकाकू धार काढत होत्या, तिथून आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग काकू आल्या.

"सर, सोसायटी बंद करील तवा करील. तुमीच आदी म्हैस बंद केली का? पान्हा चोरलाय तिनं. सड हातात धरू देईना."

"काकू, तुमच्यासाठीच चाललंय हे," मी म्हणालो.

"मग जरा हळू चालवा."

आप्पांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते टिपाडाकडे बघत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतःला ऐकलं होतं. "परत लाव," ते खुणेनं म्हणाले. मग त्यांनी त्या टिपाडातून मला नावानं हाक मारली, मंदाला पाणी मागितलं, आणि काहीच सुचेना तेव्हा नुसतेच एकदा "आं" म्हणाले. काकूंच्या म्हशीनं संध्याकाळीही दूध दिलं नाही, पण आमचं घर त्या दिवशी आनंदात होतं.

सभा दरसाल एकेका गावाला व्हायची. त्या साली पाळी आमची होती, जागा लिंबाखाली, मारुतीच्या देवळाला लागून. त्याच सकाळी टँकरही येणार होता. (बाया टँकरला, गडी सभेला, अशी आमच्याकडे कामाची रास्त वाटणी असते.) मी भल्या सकाळी टिपाड हातगाड्यावर घालून नेलं आणि देवळाच्या भिंतीला सावलीत उभं केलं. उभं, म्हणजे तोंड वर, बूड खाली. आडवं केलं असतं तर घरंगळलं असतं, एवढा पुढचा विचार मी केला होता. मग आप्पांना, बॅटरीला आणि वाकळेला आणायला घरी परतलो.

टँकरची रांगही त्याच भिंतीला लागते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः कितीदा तिथं टिपाडं लावली होती. पण त्या दिवशी माझ्या लेखी ते टिपाड राहिलंच नव्हतं. तो स्पीकर होता! गावाच्या लेखी मात्र ते निळं होतं, उभं होतं, त्यावर ऑइलपेंटनं आमचं आडनाव होतं, आणि ते सगळ्यात आधी लागलेलं होतं. माझ्यामागं बाकीच्या बाया येऊन आपापली टिपाडं मुकाट्यानं लावत गेल्या. आमच्या गावात माणूस माणसाला ढकलून पुढं जाईल, पण रांगेतल्या टिपाडाला कुणी हात लावत नाही.

टँकर आला. ड्रायव्हरनं नळी ओढली. "हे कुनाचं? मालक न्हाई का?"

"सराचं हाय," द्रौपदाकाकू म्हणाल्या. "भरा आदी. आप्पा आजारी मानूस, घरी पानी नसंल."

अशी माया. माझ्या स्पीकरात टँकरची नळी सोडली ती मायेपोटी.

माझं काम इतकं पक्कं होतं की निम्मं टिपाड भरेपर्यंत थेंब बाहेर आला नाही. याचा मला आजही थोडा अभिमान आहे. पण स्पीकरचा पडदा शेवटी कागदाचा. तो फाटला.

मी आप्पांना स्कूटरवर मागं बसवून पोचलो, तेव्हा ड्रायव्हर म्हणत होता, "मावशी, भरना कावून हे? कवाचं वतायलोय!"

मग सगळ्यांचं लक्ष खाली गेलं. टिपाडाखालून पाण्याचा पाट फुटला होता.

दुष्काळात वाहतं पाणी बघून जो आवाज बायांच्या घशातून निघतो, तो कुठल्याही बोर्डातून निघणार नाही. कुणी घागर लावली, कुणी कळशी, कुणी पदरानं बांध घातला. चौघींनी मिळून टिपाड उचललं. खालून गोल भोक, भोकातून लोंबणारा स्पीकर, स्पीकरातून धार.

"सर," द्रौपदाकाकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "टिपाडाला भोक तुमी पाडलं?"

मंदाही रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मराठीच्या शिक्षकालाही जमणार नाही.

"आवाजासाठी," मी म्हणालो.

"घरी चला," ती म्हणाली. "आवाज मी काढते."

एवढ्यात पाण्यानं उताराची वाट धरली. आणि उतार लिंबाकडे होता. पाणी पुढं, त्याच्यामागं कळशा घेऊन बाया, त्यांच्यामागं "थांबा, थांबा" म्हणत मी. नेमकं पाण्याला सांगत होतो की बायांना, ते आता आठवत नाही. पाट थेट पुढच्या सतरंजीखाली शिरला. मंजूर म्हणणारी मंडळी एकेक करून उठली आणि धोतरं, पँटी मागून चाचपत बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांच्या जागी बाया बसल्या नाहीत, वाकल्या. सतरंजी पिळून कळशीत पाणी धरायला लागल्या, जनावरांना चालेल म्हणून.

चेअरमन अनुभवी माणूस होता. असल्या गोंधळात ठराव लवकर उरकतात हे त्याला माहीत होतं. त्यानं माइक हातात घेतला. "दुष्काळी परिस्थितीमुळं इथलं संकलन केंद्र बंद करन्यात येत हाय. मंजूर?"

पुढची मंडळी कपडे झटकण्यात होती. मंजूर म्हणायचं राहूनच गेलं.

"नामंजूर," आप्पा म्हणाले.

मी शेजारी होतो, म्हणून मला ऐकू आलं. माझ्या हातात जेवणाच्या डब्यात कोरडा ठणठणीत अॅम्प्लिफायर होता, खांद्यावर वाकळ होती, पायाशी बॅटरी होती. स्पीकर तेवढा नव्हता. आप्पांनी पुन्हा म्हटलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि बाहेर आली ती हवा.

पायाशी सतरंजी पिळणाऱ्या द्रौपदाकाकूंनी वर पाहिलं. "काय म्हनायलेत आप्पा?"

"केंद्र बंद करायलेत," मी म्हणालो. "आप्पा नको म्हणतायत."

काकू उठल्या. कळशी कमरेवर घेतली. "नामंजूर!"

त्या आवाजानं माइकसुद्धा शिटी मारून गप्प झाला. मग मागून मंदा म्हणाली, "नामंजूर." मग सतरंजीच्या चारी कोपऱ्यांतून. माझ्यावरचा सगळा राग त्या एका शब्दात घालायला त्यांना जागा मिळाली होती.

"बायांनी मधी बोलू नका," चेअरमन म्हणाला. "सभासदांनी बोला."

"म्हशी कुनाच्या नावावर हायेत, चेअरमन?" काकू म्हणाल्या. "योजनेला बायांची नावं पायजेत म्हनून सह्या घ्यायला तुमीच आलता ना घरोघर? मग सभासद आमीच की."

चेअरमननं सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीनं लिंबाकडे पाहिलं. मागं कुणीतरी हसलं.

"गाडी इथवर परवडत न्हाई हो काकू," चेअरमनचा आवाज आता माणसात आला होता. "मी तरी काय करू?"

"फाट्यापोतर परवडती?"

"तिथवर परवडती."

"मग कॅन आमी पाळीपाळीनं फाट्यावर आनून देऊ. केंद्र चालू ठिवा. पाऊस काय जलमभर रुसनार हाय?"

चेअरमननं विचार केला आणि, बहुतेक त्या संस्थेत पहिल्यांदाच, हात वर करायला सांगितले. कळशा, घागरी, एक बादली असं सगळं वर गेलं. ओल्या मंडळींतल्या दोघांनीही हात वर केले. त्यांच्याही घरी म्हशी होत्या. केंद्र राहिलं.

जाताना बायांनी आमच्या घरापाशी थांबून आपापल्या भांड्यातलं थोडं थोडं पाणी आमच्या धड टिपाडात ओतलं. "आप्पांसाठी," असं प्रत्येकीनं मंदाला स्पष्ट बजावलं, म्हणजे ते मला मिळू नये.

आप्पा आणि मी मात्र सामान आवरून उशिरा निघालो होतो, अजून वाटेतच होतो. स्कूटर हळू चालवत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. आप्पांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. काहीतरी बोलत होते, पण इंजिनाच्या आवाजात कळेना. मी गाडी बंद केली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पुढच्या सभेला बी बनव तुझं यंतर," आप्पा म्हणाले.

मला भरून आलं. एवढी वर्षं या छंदाला घरात कुणी एक चांगला शब्द म्हटला नव्हता.

"फकस्त," ते म्हणाले, "भोक जरा मोठं पाड."