कुंदाताईंची सही

कुंदाताई पंखा बंद करायच्या, तेव्हा आम्हाला कळायचं की आता कोणीतरी गाणार. भिलाईच्या जूनमधल्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखालच्या वॉर्ड ऑफिसात पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच. पण त्याच्या खडखडाटात सूर ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तिथे नवीन होते, त्या निवृत्तीला आलेल्या. लॉकडाऊन उठला होता, काम मात्र परतलं नव्हतं. छोट्या वर्कशॉपमधली माणसं घरी बसली होती. लग्नं वीस माणसांत उरकत होती, त्यामुळे बँडवाल्यांना कोणी विचारत नव्हतं. एक क्लॅरिनेटवाला नेहरू नगरात हातगाडीवर टमाटे विकायचा. सरकारचा फुकट तांदूळ घरोघरी पोचत होता. मग लोककलावंतांसाठीही मदत जाहीर झाली आणि अर्ज आमच्या टेबलावर आले. सोबत जोडायचं काय, तर प्रमाणपत्र, कार्यक्रमाचे फोटो, वर्तमानपत्राची कात्रणं.

"ज्यानं जिंदगीभर लग्नात ढोलक वाजवली, त्याले सर्टिफिकेट कोन देईन वो? नवरदेव?" कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचाच नियम केला. कागद नसेल त्यानं समोर बसून गायचं, वाजवायचं. त्या ऐकायच्या, अर्जावर 'मैंने स्वयं सुना है' असं लिहायच्या आणि खाली सही करायच्या.

"ताई, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल," मी एकदा म्हटलं.

"अडकू दे. माहा बाप भंडाऱ्याकडून आला, पोरी. गावच्या दंडारीत, रातभरच्या नाटकात, गाये. इथं प्लांटात लागला अन् गानं सुटलं. एकानंही विचारलं नाही का बाबा, तुले काही येते का? मी बी नाही विचारलं."

चौकशी लागलीच. मुख्य कार्यालयातले साहेब स्वतः आले. त्यांच्या हातात कुरुद वस्तीतल्या दुलारीबाईचा अर्ज होता. दुलारीबाई मजुरी करायची आणि लग्नघरी बिहावगीतं गायची.

"कुंदाजी, यह कोई दस्तावेज़ है? राशनकार्ड पर तो मज़दूर लिखा है. चावल मिल तो रहा है."

"चावल पेट के लिए है, सर. अर्ज़ी गाने के लिए है. आप सुन लीजिए," असं म्हणून कुंदाताईंनी पंखा बंद केला.

चौकशीसाठी बोलावून बाकावर बसवलेली दुलारीबाई आधी पदर चावत राहिली. मग तिनं मुलीच्या पाठवणीचं गाणं धरलं. साहेबांनी घाम पुसला, फोन पाहिला, मग फोन उलटा ठेवला. गाणं संपल्यावर त्यांनी अर्ज परत टेबलावर ठेवला. म्हणाले, "मोहल्ले के पाँच लोगों की गवाही लाइए, दस्तख़त के साथ. इससे कम नहीं चलेगा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी कुरुदला गेलो. कुंदाताईंचे गुडघे दुखत होते, तरी दारोदार फिरल्या. जिच्या लग्नात दुलारी गायली होती, ती प्रत्येक बाई सही करायला पुढे आली. पाच हव्या होत्या, तेवीस झाल्या. "आता बस," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "कावून बस? अजून येऊ दे ना!"

सगळ्यांचं असं जमलं नाही. क्लॅरिनेटवाल्याचा अर्ज फेटाळला गेला.  निवृत्तीनंतर कुंदाताईंची पेन्शन तीन महिने अडली. का ते कोणी लिहून दिलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पुढच्याच लाटेत त्या गेल्या. आम्हाला शेवटचं भेटताही आलं नाही.

मला मात्र दुलारीचं मंजुरीपत्र आलं तो दिवस आठवतो. तिला वाचता येत नव्हतं. कुंदाताईंनी खुर्चीतूनच वाचून दाखवलं, "लोकगायिका श्रीमती दुलारीबाई..." पैशाची ओळ यायच्या आधीच दुलारीनं त्यांना थांबवलं.

"ऊपर वाला नाम ल एक बेर अउ पढ़ ना, बाई."

त्यांनी पुन्हा वाचलं. दुलारी म्हणाली, अजून एकदा. तेव्हा कुंदाताईंनी टेबलाचा आधार घेतला, त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं.